आवाजाला लागलेली कीड

१

भाऊ परबांचं म्हणणं असं होतं की त्यांच्या बायकोचा खून ती वारल्यानंतर सात महिन्यांनी झाला.

हे त्यांनी पोलीस चौकीत जाऊन सांगितलं, तेव्हा तिथल्या हवालदाराने त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. घरी कोण कोण असतं, असं विचारलं. कोणी नसतं हे कळल्यावर आणखी पाणी दिलं. मग कोणीतरी माझा नंबर दिला.

मी क्षमा गुप्ते. मुलुंडला एकटी राहते, लोकांचे सर्व्हर घरबसल्या सांभाळते आणि मधूनमधून हरवलेल्या फायली शोधून देते. या धंद्यात मी एक गोष्ट शिकले आहे. फाइल सहसा चोरीला जात नाही, मालकानेच ती कुठेतरी घातलेली असते आणि नाव तो व्हायरसचं घेतो. व्हायरस लोकांना फार आवडतो, कारण त्याला जाब विचारावा लागत नाही. आई गेल्यापासून माझा बराचसा दिवस यंत्रांशीच बोलण्यात जातो. तेव्हा फोनवर एक म्हातारा माणूस खुनाबद्दल बोलायला लागला, तर खरं सांगायचं म्हणजे मला बरंच वाटलं.

भाऊंचं घर नाहूरला, तिसऱ्या मजल्यावर. तरुणपणी ते गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गोदामात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी मला हॉलमध्ये न बसवता थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक छोटा स्पीकर होता. त्याची वायर भिंतीवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरपर्यंत गेली होती.

प्रकरण असं होतं. त्यांच्या बायकोला, प्रेमाला, आपलं दुखणं कुठवर जाणार ते कळलं होतं. भाऊंना चहापलीकडे काही येत नव्हतं. तेव्हा रडत बसण्याऐवजी तिने फोन हातात घेतला आणि एकेक पदार्थ अथपासून इतिपर्यंत बोलून ठेवला, शिजायला लागेल तेवढा वेळ घेऊन. वैशाखात ती गेली. तेव्हापासून भाऊ रोज सकाळी तिचं रेकॉर्डिंग लावायचे आणि ती सांगेल तसं रांधायचे.

त्यांनी मला बांगड्याच्या तिखल्याचं, म्हणजे तिखट कालवणाचं, लावून दाखवलं. बाईचा आवाज खणखणीत होता. "आता गॅस बारीक करा. तिरफळां घातलात मां? नाय घातलात. माका म्हायत आसा."

गॅस बंद होता, ओट्यावर मासळी नव्हती, तरी भाऊंचा हात तिरफळांच्या बरणीकडे गेला. तेवढ्यात स्पीकरमधून खरखर सुरू झाली, आवाज तुटला आणि पुन्हा आलाच नाही.

अशी निम्मी रेकॉर्डिंग्ज बिघडली होती. काही तर उघडतच नव्हती. भाऊ म्हणाले की रोज एक पदार्थ कमी होतोय, कालपासून ते पेजेवर आहेत.

"कोणी केलं ते शोधायला नको," ते म्हणाले. "माका म्हायती आसा. खालची दीप्ती."

२

दीप्ती म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची सून. नवरा जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ समुद्रात. प्रेमाच्या आजारपणात ती रोज वर यायची. प्रेमा गेल्यावर दर महिन्याच्या वद्य षष्ठीला, प्रेमाच्या तिथीला, भाऊ तिला जेवायला बोलवत. ते पानं घेईपर्यंत ती हॉलमध्ये एकटीच बसलेली असायची, कॉम्प्युटरच्या बाजूलाच.

सुरुवातीचे महिने सगळं ठीक होतं. मग भाद्रपदात, पितृपक्षातल्या षष्ठीला ती जेवून गेली आणि त्यानंतर दोन-तीन रेकॉर्डिंग्ज अडखळायला लागली. आश्विनातही तेच झालं. कार्तिकात ती वांग्याच्या भरताचा डबा घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी कुळथाच्या पिठीचं रेकॉर्डिंग अर्ध्यावर मेलं. त्या दिवशी भाऊंना एक जुनी गोष्ट आठवली. प्रेमा असताना एकदा ते बाजारातून परतले, तर दीप्ती कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्ह काढत होती आणि त्यांना बघून दचकली होती. भाऊ तडक खाली गेले आणि तिच्या दारातच तिला सांगून आले की माझ्या घराची पायरी चढू नको.

तरी परवाच्या मार्गशीर्षातल्या षष्ठीला, ती आलेली नसताना, तिखलं गेलं. भाऊंच्या मते हे तिनेच केलं, खालून, वायफायवरून. तिचा भरताचा डबा मात्र त्यांच्या फळीवर तसाच होता, घासून पालथा घातलेला. भांडण झालं तरी रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि भरून द्यायला मन होत नव्हतं.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. वर विणलेलं आच्छादन, समोर उदबत्तीचं घर. भाऊंच्या पुतण्याच्या कारखान्यातून काढून टाकलेलं जुनं मशीन, म्हणून ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचं. लिनक्सचा एक गुण मला आवडतो. ते स्वतःची नोंद ठेवतं आणि विचारलं की खरं सांगतं. मशीनमध्ये कोण शिरलं, कधी शिरलं, हे मी तपासलं. भाऊंशिवाय कोणी शिरलं नव्हतं, समोर बसून नाही आणि वायफायवरूनही नाही. रेकॉर्डिंग्ज एका फोल्डरमध्ये होती, फोल्डरचं नाव "मार्गशीर्ष वद्य षष्ठी". नाव वाचून मला गलबलून आलं आणि मी पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं.

नोंदीत एक विचित्र गोष्ट मात्र दिसली. गेले काही महिने मशीनवरचे प्रोग्राम अधूनमधून कोसळत होते. कधी गाणी वाजवणारा, कधी फोटो दाखवणारा, कधी नुसतं घड्याळ. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

भाऊंना मी विचारलं की आणखी काही विचित्र घडलं का. ते जरा संकोचले. मग म्हणाले की कधीकधी एखादं रेकॉर्डिंग संध्याकाळी अडखळतं आणि रात्री मशीन बंद करून सकाळी लावलं की परत चांगलं होतं.

"कोण करणार असं, मॅडम? न्यायचं आणि परत आणून ठेवायचं?"

असा चोर मी तरी बघितला नव्हता.

३

दीप्तीने दार उघडलं तेव्हा घरात पिठी शिजत होती. तिच्या हातात पळी होती आणि चेहऱ्यावर 'आता तुम्ही कोण' असा भाव होता. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर ती कोरडं हसली आणि म्हणाली, "या आत. चौकशीच करायची तर बसून करा ना."

ती मूळची जळगावची. लग्न होईपर्यंत तिने मासळी हातात धरली नव्हती. नवरा मालवणकडचा, त्याला घरी आल्यावर आईच्या हातचं हवं असायचं आणि सासू तर आधीच गेलेली. प्रेमाकाकूंनी तिला सगळं शिकवलं. काकूंबद्दल बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्याकडे बघत होती.

रेकॉर्डिंग्ज तिने पुसली का, असं मी सरळच विचारलं. तिनेही सरळ सांगितलं की नाही. मग पेन ड्राइव्ह कसला होता, असं विचारल्यावर मात्र ती पिठी जोरात ढवळायला लागली. म्हणाली की ते काकूंचं आणि तिचं होतं, भाऊकाकांना त्यात पडायचं कारण नाही. मी आणखी रेटलं असतं, पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी बाहेर गॅलरीत जायला उठले. उठता उठता मी तिला म्हटलं की ती हवं तर दार लावून घ्यायला येऊ शकते.

"नको," ती म्हणाली. "पिठी शिजता तवसर तिका एकटी टाकून जावचा नाय. गुठळे जातत."

फोन बराच वेळ वाजत राहिला. मी तो घेतला नाही.

वरती भाऊंनी मला पिठीचं रेकॉर्डिंगही ऐकवलं होतं. त्यात प्रेमा म्हणते, "पिठी शिजता तवसर तिका एकटी", आणि तिथे खरखर सुरू होते. पुढे काय, असं मी भाऊंना विचारलं होतं. त्यांना आठवलं नव्हतं. रोज आवाजच सांगत होता, म्हणून त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नाही, असं म्हणून ते किती तरी वेळ ओट्याला टेकून उभे राहिले होते.

आता जळगावच्या या मुलीने ते अख्खं वाक्य, त्याच हेलात, माझ्यासमोर म्हटलं होतं.

४

एखाद्या संशयिताबद्दल नक्की खात्री पटायला लागली की मी मुद्दाम दुसऱ्याकडे जाते. ही माझी खोड आहे. दुसरा संशयित म्हणजे भाऊंचा पुतण्या निलेश. राहायला कांदिवलीला, कामाला साकीनाक्याला, यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका गाळ्यात. दुपारच्या सुट्टीत तो मला रस्त्यावरच भेटला, कारण आत बोलणं ऐकू येत नव्हतं.

निलेश फाटक्या तोंडाचा आणि मनाचा बरा माणूस निघाला. मी विचारायच्या आतच त्याने कारण सांगून टाकलं.

"मला ती रेकॉर्डिंग नकोच होती. सरळ सांगतो. काका दिवसभर त्या स्पीकरशी बोलतो, यार. मी म्हटलं, चल कांदिवलीला, पोरं आहेत, घर भरलेलं आहे. तर म्हणतो, तिथे प्रेमा कुठे वाजणार? आता काय बोलणार याच्यावर."

म्हणून तू पुसलीस का, असं मी विचारलं. तो म्हणाला की पुसायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. गणपतीच्या आधी मशीन त्याच्याच ताब्यात होतं. यंदा भाऊ गावी गेले नाहीत. घरात पहिल्यांदाच असं झालं होतं. म्हणून गावची आरती त्यांना व्हिडिओवर दाखवायची असं ठरलं, आणि ते खटारा मशीन व्हिडिओ म्हटलं की धापा टाकायचं. निलेशने ते इथे आणून, गाळ्यासमोरच्या जुन्या मालाच्या दुकानातून एक रॅमची पट्टी घेऊन आत बसवली आणि झकास पळवून दाखवलं. तेव्हा ती रेकॉर्डिंग्ज समोर होती. त्याने एक लावलं. काकी भेंडीची भाजी सांगत होती आणि मध्येच म्हणाली की निलग्याला चिकट झालेली आवडत नाही.

"मग कोण पुसणार?" तो म्हणाला, आणि हात पुसायच्या फडक्याने त्याने तोंड पुसलं.

परतीच्या रिक्षात मी दोघांना आलटून पालटून आरोपी केलं आणि दोन्ही वेळा ते पटेना. दीप्तीला वाक्य माहीत होतं, पण प्रेमाने ते तिला तोंडी शिकवलेलं असू शकतं. निलेशच्या हातात मशीन होतं, पण आरतीपर्यंत सगळं वाजत होतं. आणि ते कोसळणारे प्रोग्राम? ते पाडून कोणाला काय मिळणार होतं?

घाटकोपरच्या अलीकडे रिक्षा खोळंबली तेव्हा मला आईची आठवण झाली. लहानपणी आमच्या चाळीत एका आठवड्यात सगळी बिऱ्हाडं आजारी पडली होती. कोणी म्हणे दूध, कोणी म्हणे बाहेरचं खाणं, कोणी म्हणे नजर. आई म्हणाली, सगळ्यांच्या घरी वेगळं शिजतं, पण पाणी एकाच टाकीतलं आहे. ती टाकी बघा.

कॉम्प्युटरमध्येही एक टाकी असते. गाणं असो, फोटो असो, घड्याळ असो, प्रत्येकाला त्यातूनच प्यावं लागतं. मी रिक्षावाल्याला मुलुंडऐवजी नाहूरला घ्यायला सांगितलं.

५

भाऊंना मी खुर्चीत बसवलं. वायफाय बंद केलं, बाहेरचं दार लावलं आणि त्यांना सांगितलं की आता या खोलीत तुम्ही आणि मी, तिसरं कोणी नाही, आणि तुम्ही साक्षीदार आहात.

लिनक्सला एक साधी आज्ञा देता येते. ते फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतं आणि तिचा ठसा काढून देतं, अंगठ्याच्या ठशासारखा. फायलीतलं एक टिंब बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. मी सगळ्या रेकॉर्डिंग्जचे ठसे काढून कागदावर उतरवले, मशीन बंद केलं, चालू केलं आणि पुन्हा काढले. कोणी कशाला हात लावला नव्हता. तरी तीन ठसे बदलले होते.

भाऊ चष्मा सावरून कागद आणि पडदा पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. त्यांना वाटलं की मी उतरवताना चुकले.

"मी चुकले नाही," मी म्हटलं. "हे मशीन एकच गोष्ट दोनदा वाचतं आणि दोन वेगळ्या जबान्या देतं. आपला साक्षीदारच खोटं बोलतोय, भाऊ."

मग मी मशीन लिनक्स सुरू व्हायच्या आधीच थांबवलं आणि रॅम, म्हणजे ती टाकी, तपासणारा प्रोग्राम लावला. तो रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी ठेवतो, परत काढतो आणि ठेवलं तेच निघालं का ते बघतो. भाऊंनी चहा केला. चहा संपायच्या आत पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या.

मग मशीनची पेटी उघडली. आत दोन पट्ट्या होत्या, एक मूळची आणि एक निलेशने बसवलेली. नुसती मूळची ठेवून तपासणी लावली, एकही लाल ओळ नाही. नुसती नवी ठेवली, लालच लाल. पट्टीऐवजी ती बसवायची खाचही वाईट असू शकते, म्हणून जागांची अदलाबदल करून पुन्हा पाहिलं. लाल ओळी नव्या पट्टीबरोबर गेल्या. संध्याकाळी अडखळून सकाळी बरं होणाऱ्या आवाजाचंही उत्तर मिळालं. गाणं वाजवताना ते आधी रॅममध्ये येतं. वाईट घरात पडलं की बिघडलेलं वाजतं. मशीन बंद केलं की रॅम रिकामी होते आणि सकाळी ते डिस्कवरून, म्हणजे कायमच्या साठवणीतून, नव्याने, चांगल्या घरात येतं.

भाऊंनी सुस्कारा सोडला. कोणीच चोर नव्हतं म्हणजे, असं ते पुटपुटले. मीही माझं सामान भरायला घेतलं.

आणि हात थांबला. रॅम बिघडवते ती वाजणारी प्रत. डिस्कवरची मूळ वस्तू तशीच राहते. मग तिखलं आता, या चांगल्या पट्टीवर, वाजायला हवं. मी ते लावलं. खरखर तिथेच होती.

म्हणजे डिस्कवरचं मूळही बिघडलेलं होतं. आणि मूळ बिघडायला ते कोणीतरी बाहेर काढून, त्या वाईट घरांतून फिरवून, परत लिहायला लागतं.

६

तेव्हा मला ते फोल्डरचं नाव पुन्हा दिसलं. मार्गशीर्ष वद्य षष्ठी. प्रेमा वैशाखात गेली. रेकॉर्डिंग्ज त्याआधीची. मग फोल्डर मार्गशीर्षातलं कसं?

अलीकडे उघडलेल्या जागांची यादी लिनक्स ठेवतं. ती उघडली तर एकाखाली एक नावं आली. कार्तिक वद्य षष्ठी, आश्विन वद्य षष्ठी, भाद्रपद वद्य षष्ठी. त्यातलं एकही फोल्डर आता डिस्कवर नव्हतं.

मी भाऊंना विचारलं की ही काय भानगड आहे. ते मोकळेपणाने, जरा अभिमानानेच सांगायला लागले. प्रेमा कुठलीही साठवणीची वस्तू एका जागी पडू द्यायची नाही. तांदूळ, कोकम, सुके जवळे, सगळं महिन्याकाठी बाहेर काढायचं, ऊन दाखवायचं, दुसऱ्या डब्यात भरायचं. जुन्या डब्यात कण ठेवायचा नाही, नाहीतर जुन्याची कीड नव्याला लागते. हलवलं नाही त्याला कीड धरते, असं ती म्हणायची. तेव्हा तिचा आवाजही तसाच पडून राहू नये म्हणून भाऊ दर तिथीला, अंघोळ करून, सगळी रेकॉर्डिंग्ज नव्या फोल्डरमध्ये उतरवायचे, त्याला त्या तिथीचं नाव द्यायचे आणि जुनं फोल्डर कायमचं पुसून टाकायचे. मग दीप्तीला जेवायला हाक मारायचे.

दीप्ती आली की आवाज बिघडायचा, कारण दीप्ती तिथीला यायची, आणि तिथीला ऊन दाखवलं जायचं.

इथे मला थांबता आलं असतं. सगळा दोष पट्टीवर घालून, रिक्षा धरून घरी जाता आलं असतं. एकट्या माणसाला असं सत्य देऊन निघून जायचं, म्हणजे रात्रभर ते त्याच्या उशाशी बसणार, हे मला चांगलं माहीत आहे. पण खाली एक मुलगी काही दोष नसताना चोर ठरून बसली होती, आणि पुढच्या षष्ठीला पुन्हा ऊन दाखवलं गेलं असतं.

मी सांगितलं. पट्टी भाद्रपदापासून वाईट होती. दर तिथीला तुम्ही काढलेली प्रत तिच्यातून गेली, थोडी बिघडली, आणि चांगली होती ती तुम्ही पुसली. पुढच्या तिथीला बिघडलेल्याची आणखी बिघडलेली प्रत झाली.

विणलेलं आच्छादन भाऊंच्या मांडीवर होतं, त्याची ते घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

"म्हणजे मीच," शेवटी ते म्हणाले. "दर महिन्याक. अंघोळ करून."

मी त्यांच्या शेजारी बसले.

मग मी त्यांना एवढंच म्हटलं की एका माणसाला तुमच्या पिठीचं पुढचं वाक्य माहीत आहे. आणि त्या माणसाच्या हातात एकदा पेन ड्राइव्ह होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला. त्यांनी मला जेवायलाच बोलावलं. मला जेवायला बोलावणारा फोन शेवटचा कधी आला होता ते आठवेना, म्हणून मी लगेच निघाले.

स्वयंपाकघरात स्पीकर बंद होता. ओट्यावर बांगडे होते. भाऊ पेजेवरून उठून बाजारात गेले होते, कारण डबा रिकामा परत द्यायचा नाही आणि मन आता तयार होतं. त्यांनी मसाला वाटला, कोकम घातलं, गॅस बारीक केला. मध्ये एकदा ते थांबले, डोळे मिटले आणि त्यांचा हात तिरफळांच्या बरणीकडे गेला. काहीही न ऐकता त्यांनी तिखलं पुरं केलं. हे एक त्यांनी इतक्यांदा रांधलं होतं की प्रेमाचा आवाज मनात आपोआप उठत होता. त्यांना स्वतःलाही ते आधी कळलं नव्हतं.

दीप्तीच्या दाराशी ते डबा धरून उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे. तिने दार उघडलं. भाऊंनी पाठ करून आणलेलं बोलणं काही आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "चुकलंय गो बाय. मीच घालवलंय तिका."

दीप्तीने डबा घेतला, झाकण उघडलं आणि वास आल्याबरोबर तिचे डोळे भरले. मग ती त्यांच्यावर रागावलीही, भरपूर रागावली. महिनाभर वरून भांड्यांचा आवाज यायचा आणि वर जाता येत नव्हतं, हे तिने दोनदा सांगितलं. भाऊ दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकत होते.

पेन ड्राइव्ह तिच्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी होता. काकूंनी स्वतः तिला सांगितलं होतं की माझी रेकॉर्डिंग्ज उतरवून घे आणि भाऊंना कळू देऊ नको. कळलं तर म्हणतील, बाई आतापासूनच निरवानिरव करायला लागली. आपल्याकडे आहेत म्हणून सांगितलं असतं तर चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून दीप्ती तोंड मिटून बसली होती. ते सगळं निलेशची पट्टी बसायच्या कितीतरी आधीचं, म्हणून धड. मी तिच्या लॅपटॉपवर एकेक तपासलं. पिठी, भेंडी, सोलकढी, वालीची भाजी. प्रेमा प्रत्येकात शेवटपर्यंत बोलत होती.

तिखलं मात्र नव्हतं. ते प्रेमाने सर्वांत शेवटी, दीप्तीने उतरवून घेतल्यानंतर सांगितलं होतं. ते फक्त भाऊंच्या मशीनवर होतं आणि तिथे आता ते कायमचं गेलेलं होतं. मी ते भाऊंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. रडतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते डब्याकडे बघत राहिले.

दीप्तीने ताटं घेतली. मला न विचारता माझंही घेतलं. मग तिने आपला फोन भाऊंच्या समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"काका, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "काकू सांगायच्या तसं."

भाऊ लाजले. आपल्याला काय येतं, म्हणाले. मग घसा खाकरून सुरुवात केली, आधी मुंबईच्या मराठीत, अडखळत, कोकम किती, मीठ किती. दोन-तीन वाक्यांनंतर अडखळणं गेलं आणि भाषाही बदलली. दीप्ती हाताने वाटण ढवळल्यासारखं करून त्यांच्याबरोबर चालली होती. मी जेवता जेवता थांबले.

"आता गॅस बारीक कर," भाऊ तिला म्हणाले. "तिरफळां घातलंस मां?"

दीप्तीचा हवेत ढवळणारा हात थांबला.

"नाय घातलंस," भाऊ म्हणाले. "माका म्हायत आसा."